वामनरावांचा वाघ आणि चंपतरावांचा सिंह

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत वाघ एकच होता, आणि तो वामनरावांच्या मालकीचा होता. चंद्रपूरच्या रस्त्यावर एस.टी.च्या खिडकीतून त्यांनी तो पाहिला, आणि तेव्हापासून तो गल्लीतच मुक्कामाला होता म्हणायला हरकत नाही. बारशाला वाघ, तेरवीला वाघ, नळाला पाणी आलं नाही तरी वाघ. पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो नुसता रस्ता ओलांडून गेला होता. पुढे पुढे तो मध्येच थांबू लागला. मग बसकडे पाहू लागला. चंपतराव नोकरीतून निवृत्त झाले त्या सुमाराला तर वाघाने पुढचे दोन्ही पंजे बसच्या बॉनेटवर ठेवले होते, आणि ड्रायव्हर गारठल्यामुळे हॉर्न वामनरावांनाच वाजवावा लागला होता.

चंपतराव हे सगळं मुकाट्याने ऐकून घेत. त्यांची उभी हयात जकात नाक्यावर गेली होती. नाक्यावरच्या माणसाला एक खोड लागते. समोर आलेली वस्तू कोणत्या सदरात बसते हे ठरवल्याशिवाय त्याच्याने ती पुढे सोडवत नाही. वामनरावांचा वाघ कोणत्या सदरात घालायचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. ज्याने स्वतः काही पाहिलं नाही त्याने दुसऱ्याच्या वाघाला हात कसा लावावा? महाराजबागेतला वाघ चंपतरावांनी पाहिला होता, पण तो पडला पिंजऱ्यातला. गल्लीत त्याला भाव नव्हता.

अशात अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात जावयाचं बोलावणं आलं. प्रेमिलाचा नवरा चंद्रभान टांझानियातल्या एका साखर कारखान्यात इंजिनियर होता. तिकडे मोटारीने दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात एक मोठं अभयारण्य आहे, आपण सगळे गाडीनेच जाऊ, आणि सिंह तर हमखास दिसतो, असा त्याचा निरोप. चंपतरावांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. सिंह. तोही मोकळा. आणि हमखास. वाघ बॉनेटवर चढला तर चढू दे, सिंहापुढे त्याची काय कथा.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारच्या अंजनाबाईंनी सांगितलं की तिकडे लाल तिखट मिळत नाही, म्हणून निदान वर्षाचं घेऊन जा. समोरच्या धोंडबाने सांगितलं की हत्ती मागे लागला तर वळणं घेत पळायचं, सरळ पळायचं नाही. हा सल्ला कुणाच्या अनुभवाचा, हे विचारायचं राहून गेलं. वामनराव मात्र शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "पहा बुवा चंपतराव, वाघ येगळा अन् सिंह येगळा. सिंह कळपानं राह्यते. सुस्त जात. दिवसभर लोळून राह्यते. दिसणं काही कठीण नाही." मग अडकित्ता थांबवून म्हणाले, "न दिसला तर मात्र इचार करायची गोष्ट आहे."

भैय्याजी शारदोत्सव मंडळाचे अध्यक्ष. लकडगंजात त्यांचं लाकूड कापायचं आरा मशीन होतं, त्यामुळे ते नेहमी मोठ्या आवाजात बोलत आणि दुसऱ्याचं त्यांना ऐकू येत नसे. अध्यक्षाला याहून अधिक काय लागतं? त्यांनी येऊन जाहीर केलं, "चंपतराव, कोजागिरीआधी परतून या. शारदोत्सवात तुमचं भाषण ठेवलं. विषय, मी पाहिलेला सिंह."

"भैय्याजी, अजून माझं तिकीटबी नाही निघालं."

"तिकीट तुमचं, विषय आमचा," भैय्याजी म्हणाले आणि पोस्टर छापायला गेले.

मग पासपोर्टची गंमत. चौकशीला पोलीस शिपाई आला, तो नेमका वामनरावांकडे. या इसमाला ओळखता का, असं त्याने विचारलं. वामनरावांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि वाघ सांगितला. शिपाई गेला तो चंपतरावांबद्दल एक अक्षर न लिहिता. दुसऱ्यांदा आला तेव्हा चंपतरावांनी त्याला कोपऱ्यावरच अडवून, हाताला धरून, दुसऱ्या आळीने आपल्या घरी नेलं. पिवळ्या तापाची लस टोचायला मुंबईला जावं लागलं. दंड सुजला. तो दंड चंपतरावांनी गल्लीत सर्वांना दाखवला. सिंहाच्या वाटेवरची ती पहिली जखम होती.

या सगळ्या धामधुमीत एकच माणूस सिंहाबद्दल काही विचारत नव्हता, ती म्हणजे त्यांची बायको सुभद्रा. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"तिथं गाय आहे का?"

सुभद्रेचा नेम होता. तव्यावरची पहिली पोळी गाईला, ती गाईने खाल्ली की मग आपलं जेवण. घरात लग्न असो, ताप असो, यात बदल नाही. कारखान्याच्या वसाहतीत चौकीदाराची एक गाय आहे असं प्रेमिलाने कळवल्यावर तिने ट्रंक भरायला घेतली.

आफ्रिकेत पोचल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस काही बिघडलं नाही. चौकीदाराची गाय रोज पोळी खाई, चौकीदार हसे, आणि चंपतराव रोज विचारत, "जवाईबापू, सिंहाचं कधी?" शेवटी चंद्रभानला एक दिवसाची रजा मिळाली. पहाटेच निघायचं ठरलं. सुभद्रेने दशम्या केल्या, मिरचीचा ठेचा कुटला, डबा भरला आणि पहिली दशमी वेगळी बांधून घेतली. पण पहाटे चौकीदाराची गाय गोठ्यात नव्हती. ती रात्रीच दोर तोडून कुठेतरी उसात गेली होती. चंद्रभानने हॉर्न वाजवला. सुभद्रा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि म्हणाली, "रस्त्यानं दिसनच एखांदी."

रस्ता लांब होता. गाडी जुनी होती. उजाडलं, ऊन चढलं, डांबर संपलं, लाल माती लागली. बकऱ्या दिसल्या, कोंबड्या दिसल्या, सायकलवर कोळशाची पोती दिसली. गाय दिसेना. गाडीत लसणाचा आणि ठेच्याचा वास भरून राहिला होता. 

"सुभद्रे, डबा उघड वं."

"गाईनं नाही खाल्लं अजून."

"गाय घरी उसात चरून राहिली अन् आपण इथं उपाशी. हे कोणत्या शास्त्रात आहे?"

"मी तुम्हाले धरून नाही ठेवलं. तुम्ही खा."

नवऱ्याने खावं आणि आपण उपाशी बसावं, अशा सुरात हे वाक्य बोललं की कोणत्याही नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे बायकांना माहीत असतं. चंपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. आता ते सिंह शोधत होते की गाय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

अभयारण्याच्या फाटकावर दांडा आडवा होता. तो पाहून चंपतरावांना जरा बरं वाटलं. "दांडा हलका आहे," ते जावयाला म्हणाले. "ट्रकवाला उडवून जाईन एखांद्या दिवशी. मी सांगू का यायले?" चंद्रभानने नको म्हटलं. रखवालदाराने नियम वाचून दाखवले. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा नाही, वन्य प्राण्यांना काही खायला द्यायचं नाही. चंद्रभानने ते मराठीत सांगितले. चंपतरावांनी मान डोलावली. नाक्यावर गाडीवान लोक जशी डोलवत तशीच, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

आत शिरताच जिराफ दिसला. चंपतराव म्हणाले, "ठीक आहे. पुढं." पट्ट्यापट्ट्याची घोडी दिसली. "पुढं." मग एका वळणावर गवतात एक मोठा कळप उभा होता. राखी रंगाची, खांद्याला उंच, मागे उतरती जनावरं. शिंगं गाईसारखी, शेपूट घोड्याचं, हनुवटीला बोकडासारखी दाढी आणि चेहरा असा की घरात काही अशुभ झालं असावं.

चंपतराव पुढे वाकले. "थांबवा गाडी. सुभद्रे, गाय."

"ह्या गाई आहेत?"

"मामाजी, याला इकडे न्युंबू म्हणतात," चंद्रभान म्हणाला. "जंगली आहे."

"तुम्ही इंजिनियर, जवाईबापू. मशीनचं सांगा, ऐकून घेतो. जनावराचं मले सांगू नका. शिंगं आहेत, खूर फाटलेले आहेत, रवंथ करून राहिलं. नाक्यावर आलं असतं तर मी याले गुरातच धरलं असतं."

"त्याले दाढी आहे," सुभद्रा म्हणाली.

"दाढीवर जकात नाही."

"अन् शेपूट घोड्याचं."

"शेपटानं माल बदलत नाही, सुभद्रे."

सुभद्रेने त्या जनावराकडे बराच वेळ पाहिलं. तिलाही भूक लागली होती, आणि शिंगं तर खरीच होती. तिने हात जोडले आणि दशमी काढली. चंपतराव ती फेकणार, तेवढ्यात ती म्हणाली, "फेकून नाही देत कोणी गाईले. हातानं द्या."

म्हणून चंपतरावांनी काच खाली केली, खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि सक्करदऱ्यातल्या गाईला हाक मारावी तशी हाक मारली, "ये, ये, ये, लक्ष्मी." मागे बसलेल्या प्रेमिलाने कपाळाला हात लावला. जनावराने मान वर केली. दोन पावलं पुढे येऊन वास घेतला. मग नाकातून जोरात फुरकन आवाज केला, आणि पाहता पाहता सगळा कळप धुळीत उधळून गेला.

चंपतराव हात तसाच धरून बसले. वाटलं, परत येईल. तेवढ्यात हातातली दशमी हलकेच कुणीतरी काढून घेतली. अगदी शिष्टाचाराने. चंपतरावांनी वर पाहिलं तर गाडीच्या टपावरून एक केसाळ काळा हात खाली आलेला होता.

पुढचं सगळं फार भरभर झालं. कुत्र्यासारख्या लांब तोंडाची मोठाली वानरं टपावरून, बॉनेटवरून, उघड्या खिडकीतून आली. एक सुभद्रेच्या मांडीवर बसलं. तिने त्याला "हट मेल्या" म्हटलं, पण त्याला वऱ्हाडी येत नसावी. डबा गेला. समोरच्या झाडाखाली बसून त्यांनी दशम्या खाल्ल्या, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या वानराने, जे बहुधा तिथले अध्यक्ष असावेत, मूठभर ठेचा तोंडात घातला. क्षणभर तो विचारात पडला. मग त्याने जो आवाज काढला तो ऐकून सगळं अभयारण्य थांबलं. तो झाडावर चढला, खाली आला, पुन्हा चढला. त्या किंकाळ्या ऐकून अभयारण्याची जीप आली आणि यांची गाडी पुढे घालून फाटकावरच्या कचेरीत घेऊन गेली.

सुभद्रा आणि प्रेमिला गाडीतच बसल्या. चंद्रभान सासऱ्यांना घेऊन आत गेला. अधिकारी धिप्पाड आणि सभ्य होता. चंपतरावांना त्याने 'म्झे' म्हटलं, तिकडे वडीलधाऱ्याला तसं म्हणतात. खुर्ची दिली. मग सांगितलं की प्राण्यांना खायला घातल्यामुळे आजचा परवाना रद्द झाला, आता परत फिरावं लागेल.

परत. सिंहाशिवाय. चंपतरावांच्या डोळ्यांपुढे वामनरावांचा अडकित्ता उभा राहिला. ते खुर्चीत ताठ झाले.

"त्यायले सांगा, जवाईबापू, नियम वन्य प्राण्याचा आहे. मी गाईले दिलं. गाय वन्य नाही."

"मामाजी, माफी मागून मोकळे होऊ. कदाचित सोडतील आत."

"माफी माल लपवणारा मागते. मी उघड हातात धरला होता."

चंद्रभानने नाइलाजाने सांगितलं. अधिकाऱ्याने बाहेरच्या दोघा-तिघा रखवालदारांना बोलावलं. म्हणाला, हे म्झे म्हणतात न्युंबू गाय आहे. त्यांतला एक जण हसून म्हणाला की आमच्या गावची म्हातारी माणसं सांगतात, देवाने सगळी जनावरं केल्यावर जे तुकडे उरले ते जोडून न्युंबू केला.

चंपतरावांनी टेबलावर बोट आपटलं. "घ्या. म्हणजे त्याच्यात गाईचा तुकडा आहे हे यायले कबूल आहे. जेवढा गाईचा आहे तेवढ्यालेच मी दिलं. बाकीच्यानं वास घेतला असन तर त्याचा दोष माझ्यावर कसा? इचारा."

चंद्रभानने विचारलं. आणि अधिकारी गप्प झाला. चंपतरावांच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत तो तोंड उघडं टाकून हळूहळू उभा राहिला. बाकीचेही उभे राहिले. नाक्यावरच्या सगळ्या नोकरीत चंपतरावांनी या क्षणाची वाट पाहिली होती. वरचा साहेब समोर आहे आणि त्याच्याकडे उत्तर नाही. चंद्रभानने तोंडावर बोट ठेवून काहीतरी खुणा केल्या.

"मी काहून चूप बसू?" चंपतराव म्हणाले. "मुद्दा बिनतोड आहे."

सगळे चवड्यांवर चालत दाराशी गेले. चंपतराव हलले नाहीत. निरुत्तर झालेली माणसं पळ काढतात, त्यांच्या मागे जायचं नसतं, बसून राहायचं असतं. त्यांनी हात टेबलावर ठेवले आणि भिंतीवरचा नकाशा पाहत बसले. बाहेर शांत होतं. कुणीतरी खोकल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने मंडळी आत आली. अधिकारी कपाळ पुसत होता. चंद्रभानचा चेहरा उजळला होता.

"मामाजी, पाहिला ना? तुमच्या मागच्याच खिडकीखालून गेला."

"कोण?"

"सिंह."

चंपतराव उठून खिडकीशी गेले. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि आपली गाडी दिसत होती. गाडीच्या काचेला नाक लावून सुभद्रा रस्त्याच्या टोकाकडे पाहत होती. त्या टोकाला आता काहीही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ते फाटकाबाहेर थांबले. सिंह काही विसरला नव्हता, त्यामुळे परत आला नाही. चंद्रभानची रजा संपली. पुढे पावसाने रस्ता वाहून गेला, आणि मग परतीचं विमान आलं.

नागपूरच्या स्टेशनवर भैय्याजी हजर होते. पोस्टर भिंतींवर लागलेच होते. "कसा होता सिंह?" त्यांनी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं विचारलं. वामनरावही आले होते. चंपतराव म्हणाले, "भाषणातच सांगीन." आणि टांग्यात बसताना त्यांना जाणवलं की आपण अर्धं खोटं बोलून बसलो, उरलेलं अर्धं आता शारदोत्सवात बोलावं लागणार.

भाषणाच्या आधी ते सुभद्रेच्या मागे-मागे फिरू लागले.

"कसा होता वं तो?"

"म्हातारा होता. मागचा एक पाय ओढत चालला होता. आयाळ झडली होती. कोणाकडे पाह्यलं नाही त्यानं."

"गर्जना?"

"खोकलला एकदा."

असा सिंह वामनरावांच्या वाघापुढे उभा राहिला नसता. चंपतरावांनी त्याला आयाळ लावली, पाय नीट केला, डोळ्यांत निखारे घातले. आरशासमोर त्यांची तालीम चालली असताना सुभद्रा दारात उभी राहून ऐकत होती.

"हा कोणता सिंह?"

"तुझाच आहे. तब्येतीनं थोडा सुधारला."

ती वळली. स्वयंपाकघरात गेली.

शारदोत्सवाच्या मांडवात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत वामनराव. भैय्याजींनी प्रास्ताविक केलं, माइक नको असताना माइकवर. चंपतराव उभे राहिले. सिंह तोंडापर्यंत आला होता, तेवढ्यात वामनराव बसल्या जागेवरून म्हणाले, "सुरू करायच्या आधी एकच इचारतो. सिंह निघाला तेव्हा तुम्ही नेमके कुठं होते? गाडीत का बाहेर?"

तालमीत हा प्रश्न आला नव्हता. चंपतराव थांबले. ते थांबलेले पाहून अंजनाबाईंनी बायकांच्या बाजूने सुभद्रेला पुढे ढकललं. "तिले इचारा ना. ती होती तिथं. सांग वं सुभद्रा."

सुभद्रेने उभं राहून सांगितलं. म्हातारा होता, पाय ओढत होता, आयाळ झडली होती, खोकलला. पोरं हसली. मग मोठी माणसं हसली. वामनराव हसले नाहीत, ते समजुतीने बोलले, आणि तेच वाईट झालं. "वहिनी, तुमची चूक नाही. दुरून बाईमाणसाले काय समजते. गावचं लूत लागलेलं कुत्रं असन एखांदं."

सुभद्रेने पदर सारखा केला आणि खाली बसली. ती अशी बसते तेव्हा काय होतं हे चंपतरावांना ठाऊक होतं. ती पुन्हा कधी त्या सिंहाचं नावही काढणार नव्हती.

"वामनराव," चंपतराव म्हणाले, "तो सिंह होता."

"तुम्ही पाह्यला?"

 भैय्याजी कानाशी लागून म्हणाले, "चंपतराव, पोस्टर लागले आहेत." त्यांच्या मते ती कुजबूज होती, पण ती शेवटच्या रांगेत ऐकू गेली.

"नाही पाह्यला," चंपतराव म्हणाले. "तिनं पाह्यला. जवाईबापूनं पाह्यला. तिथल्या साहेबानं पाह्यला. माझ्या पाठीमागून गेला, अन् मी खुर्चीवर बसून होतो."

आणि मग जे झालं ते सगळं त्यांनी सांगून टाकलं. गाय, दाढी, दशमी, वानर, ठेचा, तुकडा. हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. चंपतरावांचे कान लाल झाले, पण ते सांगत राहिले.

"हे होऊच शकत नाही," वामनराव म्हणाले. हसण्याचा ओघ आपल्या बाजूने वळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. "पाठीमागून सिंह जाते अन् माणूस बसून राह्यते? बसून दाखवा बरं."

भैय्याजींनी स्टेजवर एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या आणि स्वतः अधिकारी होऊन समोर बसले. चंपतराव मांडवाकडे पाठ करून बसले. "म्हणा भैय्याजी, की न्युंबू जंगली आहे." भैय्याजींनी म्हटलं. चंपतरावांनी मुद्दा मांडायला सुरुवात केली. आणि भैय्याजी खरंच वाद घालू लागले. लाकडाच्या धंद्यात ते हे लाकूड सागवान की बीजा यावर दिवस-दिवस भांडत असत. वाद अंगात भिनत गेला. चंपतराव मांडव विसरले. शिंगं, खूर, रवंथ, एकेक पुरावा टेबलावर येऊ लागला.

त्यांच्या मागे सुभद्रा उठली. कुणी सांगितलं नव्हतं. बायकांमधून वाट काढत ती स्टेजवर चढली आणि खुर्चीच्या मागून, या टोकापासून त्या टोकाकडे, हळूहळू चालू लागली. मान खाली, खांदे पडलेले, एक पाय मागे ओढत. कुणाकडे पाहिलं नाही. मध्यावर आली तेव्हा क्षणभर थांबली, खोकलली, आणि पुन्हा निघाली. हसू विरलं. पुढची पोरं आपसूक मागे सरकली. वामनराव नीट दिसावं म्हणून खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. भैय्याजींचं तोंड उघडं ते उघडंच.

सगळा मांडव चिडीचूप झालेला चंपतरावांनी ऐकला. समोर भैय्याजींकडे उत्तर नव्हतं. त्यांनी समाधानाने टेबलावर बोट आपटलं.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "मुद्दा बिनतोड आहे." आणि कुणी उत्तर देईपर्यंत उठायचं नाही असं ठरवून, मान न वळवता, ताठ बसून राहिले.